दुपटीला छत, घसरणीला तळ नाही

बेंगळुरूमधील व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी, आउटर रिंग रोड या परिसरांत अमेरिकी कंपन्यांची मोठमोठी कार्यालये आहेत. तेथे नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना पगाराबरोबर मूळ कंपनीचे शेअरही मिळतात. ते विकले की परदेशातील खात्यात डॉलर जमा होतात. ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ही रक्कम १८० दिवसांच्या आत पुन्हा गुंतवावी लागते अथवा मायदेशी आणावी लागते. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी राखून ठेवलेल्या या पैशाचे काय करावे, असा विचार चालू असतानाच एक आकर्षक प्रस्ताव समोर येतो : ‘बाजार वाढला तर लाभ दुप्पट, घसरला तर तोटा एकपटच.’ हा प्रस्ताव खोटा नाही. मात्र त्याला एक तिसरे कलम असते आणि सारे मूल्यमापन त्या कलमावरच अवलंबून असते.

योजनेचे स्वरूप

भारतातील पहिला एक्स्चेंज ट्रेडेड फंड, म्हणजेच ईटीएफ, ‘निफ्टी बीज’ हा होय. जानेवारी २००२ मध्ये तो शेअर बाजारात नोंदला गेला. निर्देशांक जितका हलेल तितकेच फंडाचे मूल्य हलावे, हे त्याचे साधे तत्त्व होते. अमेरिकेत ‘इनोव्हेटर’ या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये निराळ्या धर्तीचे ईटीएफ आणले. त्यांतील एका प्रकारात ठरावीक मुदतीत एस अँड पी ५०० निर्देशांकाशी निगडित लाभ दुप्पट मिळतो, परंतु एका कमाल मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा प्रत्येक मुदतीच्या आरंभी नव्याने ठरते. तोटा मात्र जवळजवळ पूर्णच सोसावा लागतो.

हे साधते ऑप्शनच्या व्यवहारांतून. फंड जादा लाभाचा हक्क विकत घेतो आणि त्याची किंमत भागवण्यासाठी मर्यादेपलीकडचा सर्व लाभ दुसऱ्याला विकून टाकतो. म्हणजे दुप्पट लाभ ही भेट नसून तेजीच्या वर्षांतील उत्पन्न देऊन केलेली खरेदी आहे. शिवाय निर्देशांकातील कंपन्यांचा लाभांश गुंतवणूकदाराच्या हाती पडत नाही आणि ०.७९ टक्के वार्षिक शुल्क द्यावे लागते.

भारतीय म्युच्युअल फंडांना निव्वळ मालमत्तेच्या १०० टक्क्यांहून अधिक एकूण गुंतवणूक-प्रमाण ठेवण्यास सेबीची मनाई आहे. त्यामुळे येथे या तत्त्वाच्या जवळ जाणारे साधन म्हणजे बाजाराशी निगडित रोखे, अर्थात मार्केट लिंक्ड डिबेंचर. त्यांत रोखे काढणाऱ्या कंपनीच्या पतीची जोखीमही असते.

आकड्यांची कसोटी

समजा, मर्यादा १६ टक्के आहे. निर्देशांक ५ टक्के वाढला तर १० टक्के लाभ मिळेल आणि ८ टक्के वाढला तर १६ टक्के. निर्देशांक २५ टक्के वाढला तरी लाभ १६ टक्केच. तो १९ टक्के घसरला तर तोटाही १९ टक्के. ही शुल्क वजा करण्यापूर्वीची गणना झाली. साध्या निर्देशांक फंडात मिळणारा सुमारे सव्वा टक्का लाभांश आणि त्याचे अल्प शुल्क विचारात घेतले, तर निर्देशांकाची वाढ साधारण २ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तरच ही योजना सरस ठरते.

बाजार या पट्ट्यात कितीदा असतो? २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत एस अँड पी ५०० तीनदा घसरला : २०१५, २०१८ आणि २०२२ मध्ये. २०१७, २०१९, २०२०, २०२१, २०२३ आणि २०२४ या सहा वर्षांत तो १६ टक्क्यांहून अधिक वाढला. पट्ट्यात बसणारे वर्ष एकच, ते म्हणजे ९.५ टक्के वाढीचे २०१६. लाभांश आणि शुल्क वगळता, दहा वर्षांत निर्देशांकातील १०० डॉलरचे सुमारे २८६ डॉलर झाले. दरवर्षी १६ टक्क्यांची मर्यादा गृहीत धरल्यास दुप्पट लाभाच्या योजनेत त्यांचे सुमारे २१२ डॉलरच झाले असते. प्रत्यक्षात व्याजदर व बाजारातील चढउतार यांनुसार मर्यादा बदलत राहते, त्यामुळे हे गणित केवळ दिशादर्शक आहे. परंतु ‘सरासरी वाढ’ दरवर्षी सरासरीइतकीच होत नाही, हा धडा त्यातून स्पष्ट मिळतो. थोडी भरभराटीची वर्षे दीर्घकालीन संपत्ती घडवतात, आणि ही योजना नेमकी तीच वर्षे विकून टाकते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न, मुदत संपण्यास किती अवधी आहे आणि मर्यादेपैकी किती लाभ अद्याप शिल्लक आहे? मुदतीच्या मध्यावर खरेदी करणाऱ्यास जाहीर केलेली मूळ मर्यादा मिळेलच असे नाही. बाजार आधीच वर गेला असेल, तर वरचा वाव थोडा आणि खालची घसरण मोठी, अशी विषम स्थिती येते.

दुसरा, मुदतीअखेरपर्यंत पैसा अडकवून ठेवता येईल का? दुप्पट लाभाचे गणित मुदतीच्या शेवटीच पूर्ण होते. मध्येच विक्री केल्यास लाभ त्याहून कमी मिळू शकतो.

तिसरा, पैसा नव्याने भारतातून पाठवायचा आहे का? उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा वित्तीय वर्षात अडीच लाख डॉलर आहे. गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेपैकी १० लाख रुपयांवरील भागावर २० टक्के टीसीएस कापला जातो. १० लाखांची ही सीमा १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. कापलेली रक्कम आयकर विवरणपत्रात समायोजित करता येते. परदेशी मालमत्तेचा तपशीलही त्याच विवरणपत्रात देणे निवासी करदात्यास बंधनकारक आहे.

बाजार वर्षभर मंदगतीने वर सरकेल असे ज्यांचे ठाम मत आहे आणि पूर्ण घसरण सोसण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी ही योजना निरर्थक नाही. मात्र दोन वर्षांनी लागणाऱ्या शिक्षणशुल्काचा पैसा येथे सुरक्षित नाही, कारण घसरणीपासून कोणतेही संरक्षण नाही. आणि पंधरा-वीस वर्षांनंतरच्या निवृत्तीसाठी साठवायचा असेल, तर साध्या निर्देशांक फंडातील छत नसलेली वाढ अधिक मोलाची ठरते. ‘दुप्पट’ या शब्दाने हुरळून जाण्यापूर्वी ग्राहकाने त्या दुपटीची किंमत कोणत्या वर्षांत मोजावी लागेल, एवढे कागदावर मांडून पाहिले तरी निर्णय पुष्कळसा सोपा होईल.