वाया जाणारी ठिणगी

मुंबईच्या पावसात बंद पडलेल्या पद्मिनी टॅक्सीचे बॉनेट उघडून चालक एक काळी, तारांनी वेढलेली टोपी कोरड्या फडक्याने पुसताना दिसे. या टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. ती टोपी डिस्ट्रिब्यूटरची. आजच्या पेट्रोल मोटारीत शोधलीत तरी सापडणार नाही. मग तिचे काम कोण करते?

आधी काम काय ते पाहू. बॅटरी देते १२ व्होल्ट. पण प्लगच्या मिलिमीटरभर फटीत, दाबलेल्या वायूत ठिणगी पाडायला दहा-वीस हजार व्होल्ट लागतात. ते इग्निशन कॉइल देते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात : एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे, दुसरे बारीक तारेचे, हजारो वेढ्यांचे. पहिल्यातील प्रवाह एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र नाहीसे होते आणि दुसऱ्यात प्रचंड विद्युत्‌दाब प्रवर्तित होतो. शाळेत शिकता तो फॅरडेचा नियमच हा!

जुन्या गाडीत कॉइल एकच. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडून प्रवाह तोडीत आणि फिरता रोटर ती वीज पाळीपाळीने चारही प्लगांना वाटे. टोपीत ओल शिरली की वीज भलत्याच वाटेने जाई. पॉइंट झिजले की वेळ चुके. वेळ तर फार नाजूक : मिनिटाला ३,००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट एक अंश फिरतो तो सेकंदाच्या अठरा हजाराव्या भागात.

आता प्रवाह तोडतो ट्रान्झिस्टर. त्याला वेळ सांगण्यासाठी क्रँकशाफ्टवर दात्यांचे चाक असते. पुष्कळ गाड्यांत ६० दात्यांच्या जागेत ५८ च दाते ठेवतात. संवेदक दाते मोजतो. मोकळी जागा समोरून गेली की दट्ट्या कोठे आहे ते कळते.

पण खरी गोम पुढेच आहे. चार-स्ट्रोक इंजिनात ठिणगी दोन फेऱ्यांतून एकदाच हवी. वर आलेला दट्ट्या मिश्रण दाबून आला की जळका वायू बाहेर ढकलून, हे या चाकाला ठाऊक नसते. डिस्ट्रिब्यूटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरे, म्हणून त्याला ही अडचण नव्हती.

यावरची युक्ती मोठी गमतीची आहे. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात पहिला आणि चौथा दट्ट्या बरोबरच वर येतात. एक मिश्रण दाबत असतो तेव्हा दुसरा धूर बाहेर टाकत असतो. तेव्हा या दोघांना मिळून एकच कॉइल द्यायची. दुसऱ्या वेटोळ्याचे एक टोक एका प्लगला, दुसरे टोक दुसऱ्या प्लगला. वीज एका फटीतून उडी मारून इंजिनाच्या धातूत शिरते आणि दुसऱ्या फटीतून परतते. ठिणग्या दोन; कामाची कोणती, हे विचारायचेच नाही! धुरातील ठिणगी वाया जाते खरी, पण महाग पडत नाही. तेथे वायूचा दाब कमी असल्याने थोडे व्होल्ट पुरतात. बाकीचे हव्या त्या फटीला मिळतात. दुसरा आणि तिसरा सिलिंडर अशीच दुसरी जोडी.

ही कल्पना इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जुनी आहे. १९४८ मध्ये लोकांपुढे आलेल्या फ्रान्सच्या सित्रोएन २सीव्ही या दोन सिलिंडरच्या मोटारीत पॉइंट होते, पण डिस्ट्रिब्यूटर नव्हता.

पुढे कॅमशाफ्टवरही संवेदक आला, प्रत्येक प्लगाला स्वतःची कॉइल मिळाली आणि ही उधळपट्टी थांबली. एका सिलिंडरच्या अनेक मोटारसायकलींत मात्र ठिणगी अजून दर फेऱ्याला पडते, कारण तेथे संवेदक क्रँकशाफ्टवरच असतो.