सांडपाणी, भेडी आणि नगर : पूर्व कोलकात्याच्या पाणथळीचे एक वाचन

मराठीतील ‘सांडपाणी’ या शब्दात एक निर्णय आधीच घेतलेला आहे. जे सांडले, टाकले, ज्याच्याशी आपला संबंध संपला, ते पाणी. नागरी संस्कृतीची भाषा बहुतेक ठिकाणी अशीच आहे. कोलकाता महानगराच्या पूर्वेस मात्र सुमारे 12,500 हेक्टरांचा असा प्रदेश आहे, की जेथे हे सांडलेले पाणी शेतकरी आणि मत्स्यपालक मागून घेतात, ते कमी पडले तर तक्रार करतात. नगर आणि नगरवासी यांनी एक पर्यावरणीय प्रश्न कसा हाताळला, याचे हे उदाहरण पर्यावरणशास्त्राच्या ग्रंथांतून पुष्कळ चर्चिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार संहितेच्या अंगाने करावयाचा आहे. अलिखित ज्ञान लिखित झाल्यावर त्याचे काय होते, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती. कोलकात्याची भूमी हुगळीकडे नव्हे, तर नदीपासून दूर, पूर्वेकडे उतरते. म्हणून शहराचे सांडपाणी एकोणिसाव्या शतकापासून पूर्वेकडील खाऱ्या दलदलीकडे वाहत आले. तेथील विद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि 1928 साली ती निचऱ्यासाठी मृत ठरविण्यात आली. भरतीचे खारे पाणी येणे थांबले, तशी खाऱ्या पाण्यातील मासेमारीही संपत आली. या संकटातून स्थानिक मत्स्यपालकांनी शहराचे मैलापाणी तलावांत घेऊन मासे वाढविण्याची रीत बसविली.

ही रीत थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण तिच्यातील बारकावे हेच तिचे शास्त्र होय. हिवाळ्यात तलाव उपसून तळ उन्हात वाळवितात, चिखल नांगरतात, चुना घालतात. मग सांडपाणी घेऊन ते काही काळ स्थिर ठेवतात व पाणी ढवळतात. तलाव उथळ असल्याने सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो. शैवाल वाढते, प्राणवायू मिळतो आणि जीवाणू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात. शैवाल माजू नये ही व्यवस्था मासेच करतात, ते खाऊन. काठाने जलपर्णी मुद्दाम राखलेली असते. ती लाटांपासून बांध वाचविते आणि जड धातू काही प्रमाणात शोषून घेते. इतरत्र उपद्रव मानलेली ही वनस्पती येथे नोकरीवर आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पाणी केव्हा ‘तयार’ झाले, हे अनुभवी माणूस त्याच्या रंगावरून आणि वासावरून ओळखतो.

या तलावाला बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. (इंग्रजी लिपीवरून उतरवून ‘भेरी’ लिहिले, तर मराठी वाचकास रणवाद्य ऐकू येईल.) भेडी म्हणजे मुळात बांध. बांधाचे नाव बांधाने अडविलेल्या पाण्याला मिळाले. कोकण-गोव्याच्या वाचकास येथे ‘खाजण’ आठवावे. खाडीकाठची खारवट जमीन एवढाच त्या शब्दाचा अर्थ कोशातून मिळतो. परंतु गोव्यात खाजण म्हटले की बांध, ‘मानस’ म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी नियंत्रित करणारी दारे, भात, मासे आणि या सर्वांची राखण करणारी गावकरी, एवढे सगळे त्यात येते. भेडी व खाजण हे दोन्ही भूमीचे शब्द दिसत असले, तरी ते श्रमाचे शब्द आहेत.

राज्यकारभाराच्या दफ्तरात मात्र हा अर्थ नव्हता. तेथे ही ‘दलदल’ होती, म्हणजे भरून काढण्याजोगी मोकळी जागा. 1962 पासून हुगळीतील गाळ नळांवाटे आणून लवणह्रदाचा मोठा भाग बुजविला गेला व त्यावर विधाननगर वसले. उरलेल्या भागाचीही तीच गत झाली असती. 1980च्या दशकात राज्य शासनाच्या सेवेतील अभियंता ध्रुवज्योती घोष या प्रदेशात हिंडले, मत्स्यपालकांकडून ही रीत शिकले आणि तिचे अहवाल व नकाशे सिद्ध झाले. 1990 नंतर येथे जागतिक व्यापार केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ‘पब्लिक’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या नागरिकांच्या संस्थेने कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. उमेशचंद्र बॅनर्जी यांनी सप्टेंबर 1992 मध्ये पाणथळीच्या बाजूने निर्णय दिला. 2002 साली रामसर यादीत समावेश झाला आणि 2006 साली स्वतंत्र कायदा आला.

या यशात एक भाषांतर दडलेले आहे. न्यायालय पाण्याचा वास वाचू शकत नाही. ते नकाशा वाचते. शहरी मध्यमवर्गीय नागरिक, अभियंता आणि न्यायाधीश यांना समान अशी संहिता निर्माण झाली, म्हणूनच भेडी वाचल्या. भाषांतर अपरिहार्य होते, आणि ते चांगले झाले, असे माझे मत आहे. परंतु प्रत्येक भाषांतराप्रमाणे येथेही काही मागे राहिले. नकाशा सीमा दाखवितो. बानतला येथील दारांपाशी पाण्याची पातळी किती ठेवावयाची, हे तो सांगत नाही. पातळी उंच असली तर पाणी आपोआप भेड्यांत उतरते. पण पावसाळ्यात शहराचा निचरा व्हावा म्हणून ती खाली हवी असते. सीमेच्या आत सर्व काही ‘संरक्षित’ असताना पाणीच न आल्याने भेडी कोरडी पडू शकते. मग कोरडी जमीन विकणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मैला हाताळणारे हात कोणाचे, हा प्रश्न ‘पाणथळ’ या निर्मळ शब्दात बुडून जातो. ‘गोलपिठा’नंतरच्या (1972) मराठी वाचकास तो टाळता येणार नाही. शहराकडे त्याच्या उकिरड्यावरून पाहण्याची सवय दलित साहित्याने आपल्याला लावली आहे. भेडीलगतच्या धापा येथे कचऱ्याच्या भूमीवर भाजीपाला पिकतो आणि कचऱ्याचे ढीगही उपसले जातात. घोष यांनी पुढे कचरावेचकांवर ‘द ट्रॅश डिगर्स’ (2017) हे पुस्तक लिहिले, हे या दृष्टीने लक्षणीय वाटते. 2018 साली त्यांचे निधन झाले.

तौलनिक अभ्यासकाने ‘पद्मा नदीर माझी’ (1936) किंवा ‘तितास एकटि नदीर नाम’ (1956) या कादंबऱ्यांतील कोळ्याशेजारी भेडीच्या कामकऱ्यास उभे करून पाहावे. तेथे पाणी नदी देते वा हिरावून घेते. येथे पाणी शहराकडून येते, कालव्याने आणि कोणीतरी दार उघडल्यावर. त्याला नदीकाव्याची परंपरा उपयोगी पडत नाही, आणि नगरकादंबरी बहुधा शहराच्या वेशीपाशी थांबते. त्याचे शब्द बंगालीत आहेत, बोलीत आहेत, भेड्यांच्या कामगारांच्या बोलण्यात आहेत. निवाड्याची संहिता इंग्रजीत आहे. या दोहोंचे वाचन एकत्र व्हावयाचे, तर क्षेत्रकार्य करणारा, बंगाली बोली जाणणारा साहित्याचा अभ्यासक हवा.