हिमनगांची शिरगणती

12 नोव्हेंबर 1956 रोजी अमेरिकी नौदलाच्या ‘ग्लेशियर’ या बर्फफोड्या जहाजाने स्कॉट बेटाच्या पश्चिमेला एका हिमनगाची नोंद केली. लांबी 335 किलोमीटर, रुंदी 97. क्षेत्रफळ 31 हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आठ गोवे आरामात मावतील. ही नोंद विक्रमांच्या पुस्तकांत गेली आणि तिथून सामान्यज्ञानाच्या गाइडांत. शाळेत असताना अशाच एका गाइडात ती वाचली आणि तेव्हापासून हिमनग माझ्या मागे लागले आहेत.

आज तो आकडा मला पटत नाही, आणि या विषयातल्या बऱ्याच जाणकारांनाही पटत नाही. 335 किलोमीटरची कड डेकवरून एका नजरेत येत नाही. ती जहाज हाकत हाकत, धुक्यातून, अंदाजानेच मोजावी लागते. दोन-चार शेजारी हिमनग एकाच कडेत धरले गेले असतील, असा माझा तर्क आहे. उपग्रहांनी नीट मोजलेला सर्वांत मोठा हिमनग मार्च 2000 मध्ये रॉस आइस शेल्फपासून, म्हणजे किनाऱ्याला जोडलेल्या तरंगत्या हिमपटलापासून, सुटलेला बी-15. तो सुमारे 295 किलोमीटर लांब आणि 37 रुंद, म्हणजे साधारण 11 हजार चौरस किलोमीटर. ‘ग्लेशियर’च्या दाव्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा.

या नावांची रीत थोडक्यात सांगतो. अंटार्क्टिकाचे चार पाव भाग, त्यांना ए ते डी ही अक्षरं, आणि पुढे अनुक्रमांक. तुकडा पडला की त्याला शेपटीला आणखी एक अक्षर. नाव देतं अमेरिकेचं नॅशनल आइस सेंटर, आणि लांबी किमान 10 सागरी मैल किंवा क्षेत्रफळ किमान 20 चौरस सागरी मैल असेल तरच देतं. त्याहून लहान तो बेनामी.

खरी गोष्ट सुरू होते ती एका हरवलेल्या हिमनगापासून. थ्वेट्स हिमनदीपासून 1992 मध्ये सुटलेला बी-10 हा 1995 मध्ये दुभंगला. त्यातला बी-10ए हा सुमारे 77 बाय 38 किलोमीटरचा तुकडा पुढे चक्क हरवला. दक्षिण ध्रुवाकडे हिवाळ्यात सूर्य नाही आणि ढग मात्र बाराही महिने, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह तिथे आंधळा होतो. जुलै 1999 मध्ये नासाच्या नुकत्याच उडालेल्या ‘क्विकस्कॅट’ उपग्रहावरच्या ‘सीविंड्स’ या यंत्राने अंटार्क्टिकावरच्या पहिल्याच फेरीत तो पकडला. तेव्हा तो ड्रेक सामुद्रधुनीत, जहाजांच्या वाटेवर येऊन ठेपला होता.

गंमत अशी की हे यंत्र हिमनग शोधायला बनवलेलंच नव्हतं. ते होतं स्कॅटरोमीटर, आणि स्कॅटरोमीटर समुद्रावरचा वारा मोजतो. रडारचा झोत खाली सोडायचा, लाटांवरच्या बारीक सुरकुत्यांवरून किती परत येतो ते बघायचं आणि त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढायची. कोरडं, जुनं, थरावर थर बसलेलं बर्फ मात्र झोत आतवर घेतं आणि भरभरून परत पाठवतं. म्हणून काळसर समुद्रावर हिमनग पांढराशुभ्र उठून दिसतो. ढग आणि अंधार यांचा रडारला काही फरक पडत नाही. अडचण होती ती नजरेच्या जाडेपणाची. एका मोजणीत पंचवीसेक किलोमीटरचा पट्टा यायचा.

इथे डेव्हिड लाँग हा माणूस येतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत तो ‘एनस्कॅट’ या वारामापक यंत्राच्या प्रकल्पावर इंजिनिअर होता, नंतर युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकवू लागला. एकाच जागेवरून गेलेल्या अनेक फेऱ्यांच्या एकमेकींवर चढलेल्या मोजण्या एकत्र करून काही किलोमीटरच्या बारकाईचं चित्र उभं करायची गणिती युक्ती त्याने बसवली. वाऱ्याच्या कारखान्यातला उरलेला चुरा चाळून त्याने हिमनग काढले, असं म्हटलं तरी चालेल. युक्तीला मर्यादा आहेतच. उन्हाळ्यात हिमनगाचा वरचा थर ओला झाला की झोत पाण्यात जिरतो आणि एवढा मोठा पांढरा डाग चित्रातून पुसला जातो. समुद्र फार खवळला तरी पार्श्वभूमीच उजळते आणि हिमनग तिच्यात मिसळून जातो.

माझ्या संग्रहातला सगळ्यात आवडता कागद याच लाँगचा आहे. 2002 मध्ये ‘ईओस’ या नियतकालिकात त्याने, त्याचा विद्यार्थी जॅरम बॅलन्टाइन आणि नॅशनल आइस सेंटरच्या शेरिल बर्टोइया यांनी मिळून एक छोटा लेख लिहिला. शीर्षकातच प्रश्न होता: अंटार्क्टिकाच्या हिमनगांची संख्या खरंच वाढते आहे का? आइस सेंटरच्या याद्यांमध्ये 1970च्या दशकाच्या अखेरीपासून राक्षसी हिमनगांचा आकडा चढतच होता. बी-15 सुटल्यावर तर वर्तमानपत्रांना तापमानवाढीच्या बातम्यांचं निमित्तच मिळालं.

त्यांनी केलं ते फार साधं. 1978 मध्ये ‘सीसॅट’ हा उपग्रह तीन-साडेतीन महिने चालून बंद पडला होता. त्याचा स्कॅटरोमीटर डेटा तेव्हापासून पडून होता. तो काढून, नव्या पद्धतीने चित्रं बनवून त्यांनी हिमनग मोजले. त्या वर्षीच्या यादीत होते त्याहून कितीतरी जास्त निघाले. हिमनग तेव्हाही होते, बघणारं कोणी नव्हतं. चढत्या आलेखाचा बराचसा भाग नजर सुधारल्याचा होता. नव्या शतकाच्या तोंडावर झालेली खरी वाढही त्यांनी आइस शेल्फच्या नेहमीच्या चक्राला जोडली: शेल्फ पुढे सरकतं, कधीतरी मोठा तुकडा टाकतं, पुन्हा सरकतं.

या लेखाचा आधार घेऊन हवामानबदल नाकारणारे लोक मला भेटले आहेत. त्यांनी तो वाचलेला नसतो. लार्सन-बी हे आइस शेल्फ 2002 मध्ये काही आठवड्यांत चुरा झालं, ते या चक्रातलं नव्हे. लेखाचं म्हणणं एवढंच की, मोठ्या हिमनगांची नुसती संख्या हा तापमानवाढीचा पुरावा धरू नका. मला ते शंभर टक्के पटतं. आणि स्वतःच्याच याद्यांच्या उणिवा दाखवणाऱ्या लेखावर आइस सेंटरच्या बाईंनी सही केली, याचं मला जास्त अप्रूप आहे. आपल्याकडे किती खाती असं करतील?

नोव्हेंबर 2009 मध्ये क्विकस्कॅटची फिरती अँटेना अडकली. नेमकं दोनच महिन्यांपूर्वी, 23 सप्टेंबरला, श्रीहरिकोट्याहून इस्रोचा ‘ओशनसॅट-2’ उडाला होता, आणि त्यावरचा स्कॅटरोमीटरही तशाच जातीचा होता. ब्रिगहॅम यंगच्या हिमनग-नोंदवहीत 2014 पर्यंत या भारतीय यंत्राचा डेटा आहे. मॉन्सूनचे वारे आणि चक्रीवादळं हा इस्रोचा मुख्य हेतू, पण त्याच झोताने हिमनगांची हजेरीही लागत राहिली. आपल्या वर्तमानपत्रांत याची दखल मला कुठे दिसली नाही.

ज्या हिमनगावर सर्वांत जास्त शाई खर्च झाली तो ए-23ए. 1986 मध्ये फिल्शनर शेल्फपासून एकदम मोठे तुकडे सुटले, त्यांतल्या एकावर सोव्हिएत रशियाचं ‘द्रुझ्नाया-1’ हे संशोधन ठाणंही तरंगत निघून गेलं. पुढच्या उन्हाळ्यात ते शोधून सामान हलवावं लागलं. ए-23ए मात्र वेडेल समुद्राच्या तळाला टेकून तीस वर्षांहून जास्त काळ तसाच बसला. 2020 च्या सुमारास तो सुटला. 2024 मध्ये साउथ ऑर्कनी बेटांजवळ समुद्रतळाच्या उंचवट्यावर फिरणाऱ्या पाण्यात अडकून महिनोन् महिने जागच्या जागी गिरक्या घेत राहिला. मार्च 2025 मध्ये साउथ जॉर्जियाजवळ पुन्हा टेकला आणि पुढे त्याचे तुकडे पडत गेले.

तुकडे 20 चौरस सागरी मैलांखाली आणि लांबीलाही कमी भरले की ते यादीतून गळतात. स्कॅटरोमीटरला ते तसेही धड दिसत नाहीत. खलाश्यांना धास्ती असते ती नेमकी यांचीच. 23 नोव्हेंबर 2007 रोजी साउथ शेटलँड बेटांजवळ ‘एक्सप्लोरर’ हे पर्यटक जहाज बर्फावर आदळून बुडालं. सगळे 154 जण वाचले. ज्या बर्फाने ते बुडालं त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.