विश्वासाचें विशेषण

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर एका सूतव्यापारी स्नेह्यांकडे आम्ही बसलों असतां त्यांनीं एक कागद पुढें केला. त्यांच्या पेढीवरील तरुण कारकुनास अन्यत्र रोखपालाची जागा मिळण्याचा संभव होता; त्यासाठीं इंग्रजी प्रशस्तिपत्र हवें होतें. मसुद्यांत त्यांनीं ‘रिलायबल’ हा शब्द योजिला होता. तो पुरेसा आहे काय, असा त्यांचा प्रश्न.

या शब्दाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. ‘रिलाय’ या क्रियापदास ‘ऑन’ हें अव्यय लागतें. मग विशेषणांत तें गळालें कसें, असा आक्षेप घेऊन एकोणिसाव्या शतकांत कित्येक इंग्रज पंडितांनीं त्यास अशुद्ध ठरविलें. त्याची बाजू घेऊन १८७७ सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो फिट्झएडवर्ड हॉल यांनीं. हे अमेरिकन गृहस्थ पूर्वीं काशीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयांत अध्यापक होते! आपलें ‘विश्वसनीय’ तरी काय निराळें? संस्कृतांत ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा त्याची सप्तमी होते. पण विशेषणांत ती विभक्ति कोणी शोधीत बसत नाहीं.

आतां अर्थाकडे वळूं. ‘रिलायबल’ हें माणसाप्रमाणेंच घड्याळास, बातमीस, मागावर न तुटणाऱ्या सुतासही लागतें. अपेक्षित काम दर वेळीं नीट होईल, एवढेंच तें सांगतें. ‘ट्रस्टवर्दी’ हें मुख्यतः शीलाविषयीं बोलतें: कोणी पाहत नसतांही ठेव जशीच्या तशी परत करील असा. ‘ट्रस्टेड’ म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकिला गेला आहे तो. तो त्यास पात्र असेलच असें नाहीं. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो येथेंच! आणि मुलें ‘क्रेडिबल’शीं ज्याची गल्लत करितात तो ‘क्रेड्युलस’ म्हणजे केवळ भोळा. विश्वास ठेवणारा, ठेवण्याजोगा नव्हे.

आम्हीं विचारिलें, “मुलगा नेमका कसा आहे?”

स्नेही म्हणाले, “एकदां गिऱ्हाइकानें चुकून दोन हजार रुपये जास्त मोजले. पेढीवर हा एकटाच होता. रात्रीं त्यांच्या घरीं जाऊन परत देऊन आला. आम्हांला तें गिऱ्हाइकाकडूनच कळलें.”

आम्हीं पहिला शब्द खोडून ‘ट्रस्टवर्दी’ लिहिला. खालीं ही हकीकतही घालावयास सांगितली. विशेषण कोणासही फुकट लावितां येतें. त्याच्या पाठीशीं साक्ष असली, तरच वाचणारा त्यावर तिजोरीची किल्ली सोंपवितो.