मद्यपानाच्या सवयीमागील अदृश्य कारणे

डिसेंबर 2011 मध्ये कोलकात्याच्या दक्षिणेस, डायमंड हार्बर रेल्वेमार्गावरील संग्रामपूर परिसरात विषारी दारूने सुमारे 170 जणांचा बळी घेतला. मृतांत रिक्षाचालक, फेरीवाले व रोजंदारी मजूर यांचा भरणा होता. बंगालमध्ये 'चोलाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बेकायदा दारूत मिथेनॉल आढळले. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते; त्यामुळे दृष्टी जाते आणि अनेकदा प्राणही जातो. विक्रेत्यांवर खटले झाले, ते योग्यच. परंतु जिवाची जोखीम पत्करून माणसे असली दारू का पितात, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे.

अज्ञान व कुसंगत ही नेहमीची उत्तरे. गॅरी बेकर व केविन मर्फी यांनी 1988 मध्ये याउलट भूमिका मांडली: व्यसनी मनुष्यही भावी परिणामांचा हिशेब करूनच निर्णय घेतो. हा सिद्धान्त चेन्नईच्या सायकलरिक्षाचालकांना मात्र पुरता लागू पडत नाही. फ्रँक शिल्बाख यांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 229 चालकांपैकी निम्म्याहून अधिकांनी, आपण दिवसा शुद्धीत राहावे म्हणून, काही पैसे सोडून देण्याचीही तयारी दाखवली. म्हणजे सोडण्याची इच्छा होती. निग्रह अपुरा पडत होता. अशा प्रोत्साहनाने दिवसाचे पिणे घटले, एकूण पिणे व त्यावरील खर्च तेवढाच राहिला, तरीही बचत सुमारे 50 टक्क्यांनी वाढली. दारूचा खरा खर्च बाटलीच्या किमतीत मावत नाही, तो असा.

मग निग्रह कशाने खचतो? दिवसभर ओझे ओढून ठणकणारे अंग आणि न लागणारी झोप ही कारणे घरच्यांनाही क्वचितच कारणे वाटतात. चेन्नईतील अल्प उत्पन्न गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात माणसे रात्री आठ तास अंथरुणावर असूनही सरासरी साडेपाच तासच झोपत असल्याचे आढळले. उकाडा, डास, गोंगाट यांवर औषध नसलेल्या वस्तीत दारू हेच वेदनाशामक ठरते. कोलकात्याच्या परिसरातील कष्टकऱ्यांचे जीवन याहून फारसे निराळे नाही.

दुसरे कारण धोरणात दडलेले आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद 47 मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्यास सांगते. राज्यसूचीतील नोंद 51 मद्यावरील उत्पादन शुल्क राज्यांकडे सोपवते. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही मानवी सेवनाचे मद्य त्याबाहेर राहिले, त्यामुळे राज्यांच्या दृष्टीने या शुल्काचे महत्त्व अधिकच वाढले. कर वाढला की परवानाधारक दुकानातील खप घटतो. पण सर्वांत गरीब ग्राहक पिणे सोडण्याऐवजी स्वस्त पर्यायाकडे वळण्याचा धोका असतो. संग्रामपूरला तो पर्याय रेल्वेस्थानकाजवळ उपलब्ध होता. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणीत 100 हून अधिक माणसे दगावली, तीही अशाच स्वस्त दारूने. उत्पादन शुल्काची जमा अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दिसते. रुग्णालयाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि न झालेली बचत यांची बेरीज त्या शीर्षासमोर कोठेच मांडली जात नाही.