दाखल-खारिज

जून लागला की बाघ नदीपलीकडून एखादी मोटरसायकल आमच्या शाळेच्या आवारात यायचीच. मागे बसलेल्या पोराच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. "गुरुजी, आमचे आजोबा तुमच्याच शाळेत होते म्हनतात. दाखल-खारिज पाहाचा होता."

लांजीजवळच्या एका सरकारी हायस्कुलात मी मुख्याध्यापक होतो. शाळा मध्य प्रदेशात आणि विचारणारा महाराष्ट्रातला. तिकडे जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या. पोराला इंजिनिअर व्हायचं असलं की घरादाराला आजोबांची शाळा आठवते. त्या निमित्तानं मी ते दाखल-खारिजचं रजिस्टर इतक्या वेळा उलटलं, की शाळेचा इतिहास मला त्यातूनच कळला. भिंतीवरच्या बोर्डावर नुसती मुख्याध्यापकांची नावं आहेत.

पहिल्या वहीची पुठ्ठ्याची कड वाळवीनं खाल्लेली. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. जन्मतारखा निम्म्याहून जास्त 1 जुलै, कारण पोराला घेऊन येणाऱ्या बापाला साल आठवे, दिवस नाही. भाषा गुरुजी बदलले की बदलते. काही पानं मराठीत, काही हिंदीत. तेव्हा शाळा चौथीपर्यंतच. मग वरच्या कोपऱ्यात जनपद सभेचा शिक्का दिसू लागतो. 1948 च्या कायद्यानं मध्य प्रांतात जनपद सभा आल्या आणि खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. आमचं आठवीपर्यंतचं मिडल त्याच काळातलं.

1 नोव्हेंबर 1956. तोवर आमची राजधानी नागपूर होती आणि राज्याचा कारभार हिंदी-मराठी दोन्हींत चाले. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ नदी होती तिथंच, फक्त आता ती राज्याची सीमा झाली. रजिस्टरात त्यानंतर मराठी पान नाही. पलीकडच्या जनपदाच्या शाळा 1962 ला जिल्हा परिषदेच्या झाल्या, आमच्या सरकारी. परीक्षा मंडळांचे कायदे मात्र दोन्ही राज्यांनी 1965 सालीच केले, जणू ठरवून!

माझी मिडल झाली तेव्हा आमच्या गावात नववी नव्हती. आमगावला मावशी राहायची, म्हणून मी नदी ओलांडली. मराठीत लिहायला शिकलो तो तिथंच. आमगावजवळचं पदमपूर म्हणजे भवभूतीचं पद्मपूर, हे संशोधक वा. वि. मिराशींचं म्हणणं, त्या नाटककाराचं नाव तिथल्या कॉलेजला आहे. मानकर गुरुजींचं नाव घेतल्याशिवाय आमगावच्या शिक्षणाची गोष्ट कुणी सांगत नाही. गोंदियाला बिडीच्या धंद्यातल्या मनोहरभाई पटेलांनी 1958 ला संस्था काढली, तिनं खेडोपाडी हायस्कुलं नेली. नदीच्या त्या बाजूला माणसं संस्था काढायची, आम्ही अर्ज लिहायचो. अर्ज लिहिण्यात आमचा हातखंडा.

शेवटी आमच्याकडेही नववी आली, ती मिडलच्याच व्हरांड्यात. पाऊस तिरका आला की पोरं भिंतीला चिकटून बसत. त्यात 1975 पासून महाराष्ट्राची शालान्त परीक्षा दहावीला, आमची हायर सेकंडरी अकरावीलाच. लग्न जुळवताना पंचाईत: तिकडचा दहावी पास मोठा की इकडचा अकरावी नापास? आमच्या काकांनी एका बैठकीत अकरावी नापासलाच वरचढ ठरवलं, कारण तो एक वर्ष जास्त शाळेत बसला होता.

हजेरीपटाचं दुखणं वेगळं. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी. पऱ्हे काढायला, बांधीत रोवायला सगळं घर लागतं. वर्ग अर्धा रिकामा. मुली उन्हाळ्यात आईबरोबर बिड्या वळायच्या, हजारीवर पैसे, वर नापास बिड्यांची छाट कापली जायची. त्याच पैशांत वह्या आल्या. तरी आठवीनंतर मुलींची नावं विरळ होतात. शाळा सोडल्याचं कारण: 'घरकाम'. माझ्या धाकट्या बहिणीच्या नावापुढेही तेच आहे. तिच्या वेळी नववीसाठी नदी ओलांडावी लागे आणि मावशीकडे मी आधीच राहत होतो. 2009 मध्ये केंद्रानं पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा हवी असं धोरण केलं. बहीण तेव्हा नातवंडांची आजी झालेली.

तर मोटरसायकलवरून आलेला असाच एक पोरगा. त्याचे आजोबा सापडले. जात स्पष्ट, साल हवं तसं. त्यानं मोबाइलवर फोटो काढला. मी म्हटलं, फोटो चालत नाही, सही-शिक्क्याचा उतारा लागेल. तो वाकून शेवटचा रकाना वाचू लागला. तिथं कुणा गुरुजींनी टाकानं लिहिलं होतं: 'शाळेतून पळाला.'

"गुरुजी, हे पन उताऱ्यात येते का?"

"येते," मी म्हटलं, आणि शिक्क्याची डबी शोधू लागलो.