छऱ्याचे वजन, वेग आणि ऊर्जा : एअरसॉफ्ट बंदुकीच्या परीक्षणाचे भौतिकशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
एअरसॉफ्ट बंदुकीचा विकास जपानमध्ये १९७० च्या दशकात झाला. या बंदुकीतून सुमारे ६ मिमी व्यासाचे प्लास्टिकचे गोल छर्रे हवेच्या किंवा वायूच्या दाबाने बाहेर फेकले जातात. हे छर्रे एकाच आकाराचे परंतु ०.१२, ०.२०, ०.२५, ०.३० ग्रॅम अशा भिन्न वजनांचे असतात. बंदुकीची शक्ती सामान्यतः केवळ वेगावरून सांगितली जाते. ही पद्धत कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परीक्षणाची पद्धती :
छऱ्याचा वेग क्रोनोग्राफ या उपकरणाने मोजतात. त्यातील दोन प्रकाशसंवेदकांमधील ज्ञात अंतर पार करण्यास लागलेल्या वेळेवरून वेग मिळतो. वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मे म्हणजे गतिज ऊर्जा होय. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदास १०० मीटर वेगाने सुटल्यास त्याची ऊर्जा १ ज्यूल भरते. तेवढ्याच ऊर्जेसाठी ०.२५ ग्रॅमच्या छऱ्यास सुमारे ८९ मीटर, तर ०.३० ग्रॅमच्या छऱ्यास सुमारे ८२ मीटर वेग पुरतो.

विवेचन :
बंदूक तीच असली तरी प्रत्येक वजनास समान ऊर्जा मिळतेच असे नाही. जड छर्रा नळीत अधिक काळ राहतो. वायूचा पुरवठा पुरेसा असल्यास तो अधिक ऊर्जा ग्रहण करतो. यास 'ज्यूल क्रीप' असे म्हणतात. समजा, ०.१२ ग्रॅमचा छर्रा १२० मीटर वेगाने व ०.३० ग्रॅमचा छर्रा ९० मीटर वेगाने सुटला, तर त्यांची ऊर्जा अनुक्रमे सुमारे ०.८६ व १.२२ ज्यूल येते. म्हणजेच मंद भासणारा छर्राच अधिक शक्तिशाली ठरतो.

हवेच्या रोधाचा परिणामही लक्षणीय आहे. रोधगुणांक ०.४५ व हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम मानून १ ज्यूल ऊर्जेच्या दोन छऱ्यांचे गणित केले असता, सुमारे १६ मीटर अंतरानंतर ०.३० ग्रॅमचा छर्रा ०.२० ग्रॅमच्या छऱ्यापेक्षा वेगवान ठरतो. ३० मीटरवर त्यांचे वेग अनुक्रमे सुमारे ३८ व ३२ मीटर, तर शिल्लक ऊर्जा ०.२२ व ०.१० ज्यूल उरते. छऱ्यास उलटी फिरकी देणारी 'हॉप-अप' रचना मॅग्नस परिणामाद्वारे त्यास उचलून धरते. मात्र वजन बदलल्यास फिरकीचे प्रमाणही बदलावे लागते.

कायद्याची भूमिका :
जपानने २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून प्रति चौरस सेंटिमीटर ३.५ ज्यूल ही मर्यादा घातली. ६ मिमी छऱ्यासाठी ती सुमारे ०.९९ ज्यूल होते. ब्रिटनच्या २०१७ च्या कायद्यात स्वयंचलित प्रकारासाठी १.३ व एकेरी प्रकारासाठी २.५ ज्यूल मर्यादा आहे. दोन्ही देशांनी वेग नव्हे, तर ऊर्जा हा निकष स्वीकारला, ही बाब उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष :
छऱ्याचे वजन नमूद न करता दिलेला वेगाचा आकडा अपुरा व प्रसंगी घातक ठरतो. मर्यादेत असलेला छर्राही डोळ्यास गंभीर इजा करू शकतो. त्यामुळे संरक्षक चष्मा अनिवार्यच आहे. परीक्षण करताना, प्रत्यक्ष वापरावयाच्या वजनाचाच छर्रा घेऊन ऊर्जा काढणे हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय.